सावजी रस्स्याच्या चुलीचा ब्लोअर सारखा का जळतो?

तुम्ही नागपुरात सावजी जेवणाच्या ऑर्डर घेता, लाकडाच्या चुलीला 12 व्होल्टचा ब्लोअर लावलाय, तो वारंवार जातो. आता कोणता घ्यावा, असं विचारलंय. घेण्याआधी एक सांगा, ब्लोअर तुम्ही बंद कधी करता?

मी मोटर दुरुस्तीचं काम करतो. चुलीवरून येणारे बहुतेक पंखे चालताना जळालेले नसतात, बंद केल्यावर जळालेले असतात. फिरतो तोवर त्याचीच हवा त्याला गार ठेवते. रस्स्याचा गंज (पातेलं) उतरवला की आपण आधी बटण बंद करतो. आत निखारे लालच असतात, धग नळीतून उलटी येते, प्लास्टिकची पाती वाकतात, बुशातलं (पंख्याचा दांडा ज्यात फिरतो त्या कडीतलं) तेल सुकतं. निखारे बाहेर काढेपर्यंत किंवा विझेपर्यंत पंखा हळू चालूच ठेवा. वीज गेली तरी हेच होतं, म्हणून जोडीला 12 व्होल्टची बॅटरी हवी. चूल आणि पंखा यांच्यात दीड-दोन फूट लोखंडी नळी ठेवा.

दुसरं, फुल स्पीड कशाला? रस्सा मंद आचेवरच मुरतो. जास्त हवेने जाळ गंजाच्या बाहेर पडतो, लाकूड भराभर संपतं आणि राख उडून रस्स्यात जाते. धूर दिसला म्हणून स्पीड वाढवू नका, आधी लाकूड बघा. लकडगंजच्या आरामशीनवरचे ताजे तुकडे ओले असू शकतात, पावसाळ्यात तर नक्कीच. मग चुलीच्या वरच्या कडेची भोकं तारेने मोकळी करा. तिथून येणाऱ्या हवेनेच धूर जळतो.

राख रोज काढा, पाती आठवड्याला कोरड्या ब्रशने पुसा. एका पात्यावर थर बसला की पंखा थरथरतो आणि बुश झिजतो. बुशाला शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब पुरे. खोबरेल तेल अजिबात नको, ते आपल्या थंडीत गोठतं. सीलबंद बॉल बेअरिंगला तेल लागत नाही. लाल-काळी वायर उलट जोडली गेली तरी 12 व्होल्टचा ब्रशलेस (आत कार्बन ब्रश नसलेला) पंखा फिरत नाही. जळाला समजून फेकण्याआधी ते तपासा.

आणि कृपा करून बंद खोलीत ही चूल पेटवू नका. धूर दिसला नाही तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वासही नसतो.

एवढं करूनही नवा घ्यायचाच असेल तर बॉल बेअरिंगचा, धातूच्या पात्यांचा घ्या.