पेप्सी आधी पोटाचं औषध होतं का?

"पेप्सी सुरुवातीला मेडिकलमध्ये औषध म्हणून विकायचे असं ऐकलंय, खरंय का?" असा प्रश्न आहे. मी स्वतः फार्मसीवाला, काउंटरला बसतो, त्यामुळे राहवलं नाही.

मेडिकलमध्ये सुरू झालं हे खरं, पण ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध वगैरे नव्हतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये न्यू बर्न नावाचं छोटं गाव आहे, तिथे केलेब ब्रॅडहॅम म्हणून एक फार्मासिस्ट होता. गडी खरं तर डॉक्टर व्हायला निघालेला, पण वडिलांचा धंदा बसला आणि शिक्षण अर्धवट सोडून घरी यावं लागलं. तेव्हा तिकडच्या औषधांच्या दुकानात सोडा फाउंटन असायचा, म्हणजे आपल्याकडच्या सोडावाल्यासारखंच, ग्लासात आधी सिरप, वरून फसफसता सोडा, चमच्याने ढवळलं की झालं. 1893 मध्ये याने साखर, कॅरॅमल, लिंबाचं तेल, कोला नट, जायफळ असलं काय काय घालून एक सिरप बनवलं. नाव काय, तर 'ब्रॅड्स ड्रिंक'. म्हणजे आपल्या 'अण्णांचा सोडा'सारखं!

1898 ला त्याचं पेप्सी-कोला केलं. डिस्पेप्सिया म्हणजे अपचन, त्यावरून 'पेप्सी'. पचनाला चांगलं अशी जाहिरातही करायचे, पण त्यात औषध असं काही नव्हतं, पोटभर जेवून गोड सोडा प्यायलं की ढेकर येतो आणि बरं वाटतं, एवढंच. (आपल्याकडे तर शाळेबाहेर प्लॅस्टिकच्या नळीतल्या रंगीत बर्फालाच पेप्सी म्हणतात, त्याचा आणि या पेप्सीचा काडीचा संबंध नाही.)

1902 ला कंपनी काढली, मग बाटल्या भरायचे हक्क गावोगावी विकले, बरं चाललं होतं. मग माशी शिंकली ती साखरेत. पहिल्या महायुद्धानंतर साखरेवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि 1920 मध्ये भाव पाउंडाला 20 सेंटच्या वर गेला. अजून वाढेल म्हणून याने चढ्या भावात माल भरून ठेवला, आणि वर्ष संपेपर्यंत भाव 5 सेंटच्या खाली! गोदामात महागाची साखर, बाजारात स्वस्ताची. कुठल्याही दुकानदाराला वाचूनच पोटात गोळा येईल. 1923 ला दिवाळं, आणि पेप्सीचं नाव, फॉर्म्युला सगळं 30,000 डॉलरला गेलं.

1931 मध्ये ती कंपनी परत बुडाली. तेव्हा ती घेतली चार्ल्स गथने, तो लॉफ्ट नावाच्या मिठाई-चॉकलेटच्या दुकानांचा प्रमुख. त्याची तक्रार अशी की आम्ही इतकं कोक विकतो तरी कोकवाले घाऊक सूट देत नाहीत. मग मंदीच्या काळात याने 12 औंसाची बाटली 5 सेंटला काढली, तेवढ्याच पैशात कोक साडेसहा औंस मिळायचं. धडाधड खपली. पुढे लॉफ्टनेच गथला कोर्टात खेचून पेप्सी काढून घेतली, ती भानगड अजून वेगळी.

आणि ब्रॅडहॅम? दिवाळं निघाल्यावर तो परत न्यू बर्नला आपल्या औषधांच्या दुकानात जाऊन बसला, 1934 मध्ये गेला. स्वस्त पेप्सीचा धुमाकूळ नुकता कुठे सुरू होत होता.