पाठकोरी पानं वगळू देऊ नका (साहेबांची पत्रं मागवणाऱ्यांसाठी)

तुमची पोस्ट वाचली आणि माझीच आठ-नऊ वर्षांपूर्वीची मेल वाचतोय असं वाटलं. मुंबईच्या जुन्या लिटररी सोसायटीच्या गोतावळ्यातला एक साहेब, विलायतेत त्याच्या नावाने शोधलं तर "संग्रह नाही" असं उत्तर, मग भलत्याच ठिकाणी त्याच्या साधारण २० पत्रांची ६१ पानं सापडली आणि आता स्कॅनचे पैसे भरायच्या बेतात आहात. जरा थांबा. पैसे भराच, पण आधी हे वाचा.

रीडर पास, पेन्सिल, पत्त्याचा पुरावा वगैरे सोडून देतो, ते तुम्हाला माहीत असणारच. "संग्रह नाही" या उत्तराने मात्र हिरमुसू नका. माणसाने लिहिलेली पत्रं त्याच्या घरी नसतात हो, ज्याला लिहिली त्याच्या घरी असतात, त्यामुळे तुमच्या साहेबाचं नाव बाजूला ठेवा आणि त्याचे मित्र कोण होते त्याची यादी करा. १८०४ ला जेम्स मॅकिंटॉशने सोसायटी काढली, विल्यम अर्स्किन तिचा सेक्रेटरी आणि मॅकिंटॉशचा जावई, पुण्याचा रेसिडेंट (पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी) एल्फिन्स्टन अर्स्किनचा दोस्त, सगळे एकमेकांना लिहायचे. एल्फिन्स्टनचे खासगी कागद ब्रिटिश लायब्ररीत 'युर एफ ८८' या नंबराखाली आहेत, मी तुमच्या जागी असतो तर तिथून सुरुवात केली असती. आणि एकाच माणसाचे कागद एकाच छपराखाली असतील अशी आशा ठेवू नका, नेपाळचा रेसिडेंट हॉजसन घ्या, काही ब्रिटिश लायब्ररीत, काही रॉयल एशियाटिक सोसायटीत, पशुपक्ष्यांचं बाड झूलॉजिकल सोसायटीत. एल्फिन्स्टनला पेशावरकडे मिळालेली बाबरनाम्याची (बाबराच्या आत्मचरित्राची) तुर्की प्रत तर हरवली असंच लोक धरून चालले होते, आणि ती एडिंबराच्या अ‍ॅडव्होकेट्स लायब्ररीत निवांत पडलेली होती!

आता माझा गाढवपणा सांगतो, कारण तुम्हीही नेमकं तेच करायला निघाला आहात. मला जी पत्रं हवी होती ती एका संस्थेकडे होती, नाव घेत नाही, विलायतेतली होती एवढंच. मी मेलमध्ये लिहिलं की अमुक फोलिओ (कागदाचा क्रमांक) ते तमुक फोलिओ "पत्रांचे स्कॅन हवेत". पानामागे पैसे, वर हाताळणी, वर बँकेचं कमिशन, सगळं मिळून माझा दीड महिन्याचा पगार गेला. सात महिन्यांनी फाइल आली. स्कॅन सुंदर, अक्षर न् अक्षर लागत होतं, मी खूश. त्यातलं एक पत्र पुण्याहून मुंबईला लिहिलेलं, वर तारीख काय तर नुसतं "पुणे, मंगळवार". साल नाही, महिना नाही. आत एका फारसी पोथीचा उल्लेख, की ती माझ्याकडे आहे, वाचून झाली की परत पाठवतो. आता ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली त्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी, म्हणजे रेसिडेंटचं घर-कचेरी, जळाली, एल्फिन्स्टनची पुस्तकं, कागद सगळं गेलं, हे तुम्हाला माहीतच आहे. मी डोकं लढवलं की पत्र त्याच्या आधीचं, म्हणजे पोथी तेव्हा रेसिडेन्सीतच असणार आणि त्या आगीत गेली. त्यावर अख्खा लेख उभा केला, छापून आला, दोन ठिकाणी बोललोही.

मग एका चर्चासत्रात एक मुलगी भेटली, माझ्या निम्म्या वयाची, तिने तेच पत्र प्रत्यक्ष जाऊन पाहिलेलं. म्हणाली, काका, पण मागे शेरा आहे की. आणि मोबाइलवर फोटो दाखवला. त्या काळी पाकीट नसायचं, तोच कागद घडी घालून लाखेने बंद करायचे आणि बाहेरच्या बाजूला पत्ता, आणि पत्र मिळालं की घेणारा त्याच घडीवर बारीक अक्षरात लिहून ठेवायचा, कुणाचं, कधी आलं, उत्तर कधी दिलं. आपल्याकडच्या आवक-जावक शेऱ्यासारखंच. तर तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं, १८१९. रेसिडेन्सी जळून वर्ष उलटून गेलं होतं. पोथी जळालीच नव्हती, माझा लेख जळाला.

संस्थेला लिहिलं की मागची बाजू का नाही काढली, तर उत्तर आलं की "मजकूर नसलेली पानं वगळण्याची आमची पद्धत आहे". अहो, शेरा म्हणजे मजकूर नाही? घडीवरचे चार शब्द कॅमेरावाल्याला कोरे वाटले असतील, ठीक आहे, माणूस आहे, पण मग ती वगळलेली नऊ पानं तरी पाठवा! नाही. नवीन ऑर्डर करा, नवीन कोट (खर्चाचा आकडा) घ्या, रांगेत पुन्हा शेवटून. तीन मेल केल्या, दर वेळी वेगळी व्यक्ती आणि दर वेळी पहिल्यापासून रामायण. आपल्या सरकारी कचेऱ्यांना आपण उगाच नावं ठेवतो, पुणे पुराभिलेखागारात निदान समोरचा शिपाई रुमाल (कापडात बांधलेलं दप्तर) सोडून तरी देतो. असो, चिडचिड झाली, सोडा. चूक माझीच होती, मी "पाठपोट सगळं" असं लिहिलंच नव्हतं.

तर कोट मागताना स्पष्ट लिहा की प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू, पत्त्याची बाजू, घड्या, सोबत डकवलेल्या चिठ्ठ्या, कोरं दिसलं तरी वगळायचं नाही. पैसे वाढतील, वाढू देत. जमलं तर कागद उजेडासमोर धरून एखादा फोटोही मागा, कारण त्या काळच्या विलायती कागदाच्या वॉटरमार्कमध्ये बरेचदा साल असतं, आणि १८१६ च्या कागदावर कुणी १८१२ ला पत्र लिहीत नाही. आणि कुणी ओळखीचं तिकडे शिकायला असेल तर त्यालाच पाठवा, आता बऱ्याच ठिकाणी मोबाइलने फोटो काढू देतात, माझ्या वेळी हे सुचलंच नाही.

बाकी दोन-तीन गोष्टी. १८८४ चं एल्फिन्स्टनचं दोन खंडांचं चरित्र आहे त्यात पत्रांचे उतारे छापलेत, पण ते उतारेच आहेत, त्यावर तारखा ठरवू नका. सरकारी पत्रव्यवहार जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांनी पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराच्या खंडांत छापलाय, तो हाताशी ठेवा, खासगी पत्रातला "तो प्रकार" म्हणजे कुठला प्रकार ते तिथे कळतं. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ ला सायबर हल्ला झाला, त्यामुळे जुन्या लिंका उघडल्या नाहीत तर घाबरू नका, कागदाचा नंबर लिहून ठेवा, लिंक नको. आणि छापायचं असेल तर लक्षात घ्या, ब्रिटनमध्ये न छापलेल्या जुन्या पत्रांवरचा कॉपीराइट २०३९ अखेरपर्यंत चालतो, लेखक दोनशे वर्षांपूर्वी मेला असला तरी. मी वकील नाही, तुमच्या प्रकाशकाला विचारा, पण माझ्या प्रकाशकाला हे माहीतच नव्हतं.

तुमच्या त्या ६१ पानांमध्ये पाठी धरल्यात का, एवढं आजच मेल करून विचारा. मला वाटतं नसतील, कारण पत्रं साधारण २० म्हणताय आणि आकडा विषम आहे, कागदाला बाजू दोन असतात. उत्तर काय येतं ते इथे टाका, मलाही बघायचंय.