डबल साइडबँड रिसीव्हरने वर्णरेषांचं सर्वेक्षण: वेळ कसा वाटावा?

तुमचा प्रश्न असा की ६५० ते ७०० गिगाहर्ट्झचा पट्टा डबल साइडबँड रिसीव्हरने (जो दोन फ्रिक्वेन्सी-पट्टे एकावर एक दुमडून एकाच वर्णपटात देतो) पिंजून काढायचाय, तास मोजकेच आहेत. मग ट्यूनिंगची थोडी सेटिंग्ज घेऊन प्रत्येकीवर जास्त थांबावं की उलट?

उलट करा, म्हणजे सेटिंग्ज जास्त, प्रत्येकीवर वेळ कमी. एकूण वेळ तोच, म्हणजे नॉइजही जवळपास तोच. ट्यूनिंगमध्ये जी थोडी मिनिटं जातील ती जाऊ देत.

समजा लोकल ऑसिलेटर (रिसीव्हरमधला संदर्भ-सिग्नल; त्याच्या दोन बाजूंचे पट्टे म्हणजेच साइडबँड) ६८५.५० गिगाहर्ट्झवर आहे. कार्बन मोनॉक्साइडची ६९१.४७ ची रेषा वरच्या साइडबँडमध्ये येते, पण खालच्याच्या मापावर तीच ६७९.५३ ला भूत बनून उभी राहते. आता ऑसिलेटर १० मेगाहर्ट्झ पुढे सरकवा. खरी रेषा जागची हलत नाही, भूत मात्र २० मेगाहर्ट्झ पळतं. ५ किमी/सेकंद रुंदीची रेषा इथे साधारण ११.५ मेगाहर्ट्झ व्यापते, त्यामुळे दोघांची फारकत होते. एवढ्या ठळक रेषेला दोन सेटिंग्ज पुरतात. दुसऱ्याच कुणाच्या भुताखाली दबलेल्या फिक्या रेषेला नाही पुरत.

पावलं मात्र समान ठेवू नका. मी एकदा नीटनेटकेपणाच्या हौसेपायी ठेवली होती. साइडबँड वेगळे केल्यावर वर्णपटात ठरावीक अंतराने लाटा उरल्या, आणि त्यांतल्या एका उंचवट्याला मी दोन दिवस रेणू समजून नावं शोधत बसलो!

जमिनीवरून बघणार असाल तर पाण्याच्या ६२० आणि ७५२ च्या रेषांकडे सरकताना सिस्टिम टेम्परेचर (रिसीव्हर आणि वातावरण मिळून होणाऱ्या नॉइजचं माप) वाढतं. ते दुप्पट झालं की त्याच नॉइजसाठी वेळ चौपट लागतो. हर्शेल दुर्बिणीवरच्या हायफाय या उपकरणाला ही कटकट नव्हती, ते अवकाशातच होतं.

किती खोल जायचं ते लक्ष्यावर ठरतं. ओरायन केएल किंवा सॅजिटेरियस बी२ उत्तरसारख्या, तारे जन्मणाऱ्या आणि रेणूंनी गच्च ढगांत मिथाइल फॉर्मेट, डायमिथाइल ईथर, इथाइल सायनाइड यांच्या रेषा इतक्या दाटीवाटीने येतात की मोकळी बेसलाइनच (रेषा नसलेला सपाट भाग) सापडत नाही. तिथे जादा तास म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यापेक्षा इंटरफेरोमीटरने (एकत्र जोडलेल्या दुर्बिणींनी) बारीक बीम मिळवा, म्हणजे आकाशाचा छोटा तुकडाच वेगळा बघता येईल. थंड, शांत ढगात मात्र वर्णपट रिकामा असतो आणि रेषा अरुंद, तिथे खुशाल खोल जा.

प्रपोजल पाठवण्याआधी कोलोनच्या सीडीएमएस या रेणूंच्या वर्णरेषांच्या कॅटलॉगमधल्या रेषा घेऊन खोटा वर्णपट बनवा. तो तुमच्या सेटिंग्जनुसार दुमडून, नॉइज मिसळून पुन्हा उलगडून बघा. टाकलेल्या रेषा परत मिळाल्या नाहीत, तर वेळापत्रक तिथेच बदला.