प्रीमियर पद्मिनीचा स्टिअरिंग बॉक्स गळतोय. दुसऱ्या गाडीचा जुना बॉक्स बसवावा का?

तुमची ८६ ची पद्मिनी, बॉक्सखाली (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा गिअरचा डबा) रोज ऑइलचा डाग, मिस्त्री म्हणतो ऑइल अडवणारं सील बदलू, आणि भंगारवाल्याकडे दुसऱ्या पद्मिनीचा बॉक्स पडलाय. बसेल का? बसेल. फक्त गिअर स्टिअरिंगवर असलेल्या गाडीचाच घ्या आणि जमलं तर कॉलमसकट, म्हणजे स्टिअरिंगखालच्या दांड्यासकट घ्या. शेवटी शेवटी गिअर खाली आलेल्या पद्मिनी निघाल्या, त्यांच्या मालाच्या नादी लागू नका.

आता ज्यासाठी मी लिहायला बसलोय ते. तुमच्या या प्रश्नाखाली एकाने लिहिलंय, "जुना बॉक्स म्हणजे दुसऱ्याच्या तोंडातली कवळी." हे वाक्य मी तीन दिवाळ्या ऐकलंय, माझ्या सख्ख्या थोरल्या भावाकडून.

साताऱ्याला आमच्या अण्णांची ८४ ची फियाट होती. (पद्मिनी कागदोपत्री. घरात, गल्लीत, पंपावर ती फियाटच.) तिचा बॉक्स गळायला लागला तेव्हा दीड वर्षात सील तीनदा बदललं. दर वेळी दोन महिने कोरडं, मग पुन्हा ठिबक. चौथ्या वेळी मिस्त्रीने तोडगा काढला: ऑइल काढून ग्रीस ठासलं. गळती थांबली आणि अण्णा खूश. पण ग्रीस गळत नाही त्याच कारणाने ते वर्मपाशी (स्टिअरिंगबरोबर फिरणाऱ्या आटेदार दांड्यापाशी) परतही येत नाही. वर्म फिरता फिरता ग्रीसमध्ये आपल्यापुरती वाट कोरतो आणि मग त्या वाटेत कोरडाच फिरत राहतो. ९० नंबरचं ऑइल खाली ओघळतं आणि पुन्हा सगळीकडे लागतं. तुमच्या मिस्त्रीने ग्रीसचा डबा हातात घेतला तर चहा पाजून घरी पाठवा.

खरं दुखणं लेथवाल्याने दाखवलं. त्याने ड्रॉप आर्म (बॉक्सबाहेरचा, चाकांचे रॉड ओढणारा हात) धरून आडवा हलवला, तर आतला शाफ्ट बुशमध्ये, म्हणजे तो ज्यात फिरतो त्या नळीत, डुलत होता. शाफ्ट डुलतोय म्हटल्यावर सील बिचारं किती दिवस तग धरणार? झाकण उघडलं तर वर्मच्या मधल्या भागाला खड्डे. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे झीज मध्येच होते. नुसते बुश घालून भागणार नव्हतं.

म्हणून रविवारी पुण्याचा जुना बाजार गाठला. तीन बॉक्स मिळाले. दोन "मुंबईच्या टॅक्सीचा माल", हे विक्रेत्याने अभिमानाने सांगितलं आणि मी तिथेच ते बाजूला ठेवले. दोन पाळ्यांत फिरलेल्या गाडीचा बॉक्स आपण कशाला घ्यायचा! तिसरा कुणाच्या तरी घरच्या गाडीचा, वरून गंजलेला. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, फेरे मोजले, निम्मे मागे आणला. मध्यावर किंचित घट्ट, टोकांना किंचित सैल. बॉक्स असाच हवा. मध्ये सैल आणि टोकांना अडतोय असं असेल तर समजा, कुणीतरी झीज लपवायला बॉक्सचा खेळ कमी करणारा वरचा स्क्रू आवळलाय. शाफ्ट आडवा हलवला, हलला नाही. १,४०० रुपये दिले आणि पोत्यात घालून एसटीने आणला. कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलं ते वेगळं.

बसवला मी आणि दादाने मिळून, आणि इथेच घोळ झाला. त्याच वेळी टाय रॉडचे (चाकं वळवणाऱ्या डाव्या-उजव्या दांड्यांचे) एंडही बदलले. टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल, लावताना दादाने फक्त डावा रॉड फिरवला, कारण उजव्याचा नट गंजून बसला होता. चाकं सरळ झाली, पण स्टिअरिंग व्हील वाकडं दिसायला लागलं. दादाने व्हील उपसलं, चार दात सरकवून सरळ बसवलं आणि हात पुसले. बघणाऱ्याला सगळं ठीक!

मग पुण्याला लग्न. परतताना खंबाटकी घाटात दादा गाडीवर. डाव्या वळणाला स्टिअरिंग घट्ट, सरळ रस्ता आला की गाडी भटकते. घाट उतरेपर्यंत मी ऐकत होतो, "तुझा भंगार बॉक्स." त्यानंतर दर दिवाळीला कवळी.

खूण तिथेच होती, मला कळायला तीन वर्षं लागली. घट्टपणा बॉक्सच्या मध्याला असतो. तो डाव्या वळणात लागतोय म्हणजे चाकं सरळ असताना बॉक्स मध्यावर नाहीच. एकच रॉड फिरवल्याने मध्य सरकला होता आणि व्हीलचे दात सरकवून आम्ही तो झाकून टाकला. उजव्या रॉडचा नट दोन दिवस तेलात भिजवला, तापवला, सोडवला. आधी बॉक्स मध्यावर, मग दोन्ही रॉड सारखे, व्हील सगळ्यात शेवटी. गाडी दोरीवर चालल्यासारखी चालली. दादाने चक्कर मारली आणि म्हणाला, "आता बॉक्स रुळला."

तेव्हा कवळीवाल्या साहेबांना सांगा, दोष बॉक्समध्ये नव्हता.

राहिलेलं. बॉक्स बसवण्याआधी उघडाच. बुश आणि सील बाहेर असतानाच नवीन घाला. शाफ्टवर सीलच्या जागी चर पडला असेल तर नवं सीलही गळणार. वरचा स्क्रू बॉक्स मध्यावर असताना आणि ड्रॉप आर्म काढूनच लावा, टोकाला नेऊन नाही. ड्रॉप आर्मला पुलर लावा, हातोडा नको, वेल्डिंग तर अजिबात नको. शाफ्टला केसाएवढी चीर दिसली किंवा गाडी ठोकलेली होती असं कळलं तर तो बॉक्स फुकटातही घेऊ नका. स्प्लिट पिना नव्या. बॉक्स ज्या पत्र्याला बोल्टने बसतो तो गंजलाय का तेही बघा. आणि हो, तुमच्या बॉक्सचा वर्म गुळगुळीत निघाला तर माझी ही सगळी कथा विसरा. लेथवाल्याकडून बुश घालून घ्या, तुमचाच बॉक्स चालेल.

तुमचा काढलेला बॉक्स टाकू मात्र नका. आमचा गळका बॉक्स अजून माळ्यावर आहे. फियाट आता दादाकडे असते. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, माळ्यावरच्या बॉक्सचं वरचं झाकण स्क्रूसकट मिळेल का. कशाला हवंय विचारलं, तर म्हणाला, "असू दे घरात."