पीसीचा फॅन फिरतो, थांबतो, परत फिरतो: मदरबोर्ड बदलायच्या आधी हे कर

तू लिहिलंस त्यातून मला कळलं ते असं. घर गुहागरला, समुद्राला लागून. मे महिन्यात स्वतः जोडलेला पीसी: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड. गणपतीसाठी ओटीवरून उचलून मागच्या खोलीत ठेवलास, सात दिवस बंद होता. विसर्जनानंतर बटण दाबलं तर फॅन दोन सेकंद फिरतो, थांबतो, परत फिरतो, आणि स्क्रीन काळीच. दुकानदार म्हणाला, बोर्ड गेला. काका म्हटलंयस, म्हणून अरेतुरे करतो.

बोर्ड गेलाय असं इतक्यात धरू नकोस. तुझं मशीन दर वेळी उठायला बघतंय, कुठेतरी अडतंय आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतंय. असं करणाऱ्या मशीनमध्ये मी सगळ्यात आधी रॅम बघतो. आपल्याकडे तर नक्कीच.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. समुद्राकडून येणारं तेच खारं कॅबिनेटमध्ये शिरून रॅमच्या सोनेरी दातांवर (स्लॉटमध्ये बसणाऱ्या कडेच्या बारीक पट्ट्या), स्लॉटमध्ये, सगळीकडे बसतं. मशीन रोज चालू असेल तर आतल्या उबेने ओल टिकत नाही. सात दिवस बंद राहिलं, तेही श्रावण-भाद्रपदात, की त्या थराला पाणी सुटतं. त्यात तू ते उचलून दुसरीकडे नेलंस. हादऱ्याने रॅम केसभर हलली तरी पुरे.

मी हे पैसे घालवून शिकलोय. रत्नागिरीत मिऱ्या बंदराजवळ एका ओळखीच्या घरी हेच लक्षण होतं. मी आधी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलला, मग बोर्ड मागवला. बोर्ड यायच्या आदल्या संध्याकाळी सहज रॅम काढून उजेडात धरली, तर तीन-चार दातांवर हिरवट डाग. पुसून लावली आणि मशीन चालू. तो नवा बोर्ड अजून माझ्या कपाटात आहे.

तर आता काय करायचं. प्लग भिंतीतून काढ, नुसतं बटण बंद करून थांबू नकोस. मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धर, म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. दोन्ही रॅम काढ. दात पांढऱ्या, मऊ खोडरबराने हलकेच, एकाच दिशेने पूस. जोर लावू नकोस, सोन्याचा मुलामा नावापुरताच असतो. मोबाइल रिपेअरवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर खोडरबरापेक्षा ते चांगलं. सॅनिटायझर मात्र नको, त्यात पाणी असतं आणि बऱ्याचदा ग्लिसरीनही. स्लॉटमधली धूळ कोरड्या ब्रशने काढ. तोंडाने फुंकर मारू नकोस, थुंकी उडते. मग एकच रॅम लाव. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्यात. टक् असा आवाज येईपर्यंत दाब. नाही झालं तर त्याच स्लॉटमध्ये दुसरी रॅम लावून बघ.

रॅम काढलेलीच आहे तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेलही पाच मिनिटं बाहेर ठेव. बायोसचं (बोर्डमधला मशीन सुरू करणारा प्रोग्राम) अपडेट उडेल म्हणून घाबरू नकोस, फक्त सेटिंग मूळपदावर येतं. मे महिन्यापासून ५६०० या बोर्डवर चालत होता, म्हणजे बायोस त्याला ओळखतोय, तो प्रश्न इथे नाही.

तरीही तेच चाललं असेल तर प्रोसेसरची पॉवर केबल बघ. बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात असते, चार किंवा आठ पिनची. हलवाहलवीत ती अर्धवट निघते आणि बाहेरून लागलेलीच दिसते. पॉवर बटणही तपास. खाऱ्या हवेत ते गंजून आतच अडकतं, मग मशीन चालू होऊन चार-पाच सेकंदांत आपोआप बंद. बटणाची वायर बोर्डवरून काढ आणि त्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर लाव. असं चालू झालं तर चोर ते बटणच. मागच्या जाळीतून एसएमपीएसमध्ये टॉर्च मारून पाल किंवा मुंग्या आहेत का तेही बघ. पालींना तिथली ऊब आवडते. पण एसएमपीएस उघडू नकोस, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट उरलेले असू शकतात.

यातलं काहीच लागू पडलं नाही तरच बोर्ड बाहेर काढ. त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेव आणि प्रोसेसर, कूलर, एक रॅम, ग्राफिक्स कार्ड एवढ्यावरच चालव. बाहेर चालला आणि कॅबिनेटमध्ये नाही, तर खाली एखादा स्क्रू घरंगळलाय किंवा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो पितळी खुंट) चुकीच्या जागी लागलाय. आणि हो, एचडीएमआय ग्राफिक्स कार्डलाच लाव. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, बोर्डच्या पोर्टला लावून कितीही वाट बघितलीस तरी काही दिसायचं नाही.

तू शेवटी सहज लिहिलंयस की कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. ते सहज सोडू नकोस. त्या खोलीच्या सॉकेटला बहुधा अर्थिंग नाही. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर जवळजवळ निम्मा दाब येतो, करंट अगदी थोडा, पण बोर्डसाठी वाईटच. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने मोजून घे: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तेवढेच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. आपल्या जांभ्यात अर्थिंग मुळातच नीट लागत नाही, एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा सुकला की आणखी बिघडतं. आमच्याकडे उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्यात दोन बादल्या पाणी ओततो. तुझ्याकडे भर पावसात झिणझिण्या येतायत, म्हणजे बहुतेक वायरच सॉकेटपर्यंत आलेली नाही. मखराची लायटिंग ज्या एक्स्टेंशन बोर्डवर होती त्यावर तर मशीन लावलेलं नाहीस ना? त्यातल्या बऱ्याच बोर्डांना तिसरं भोक नुसतं दाखवायला असतं.

आधी रॅमचं करून बघ. बोर्डच्या कडेला सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे बारीक दिवे असतील तर कुठला लागून राहतो ते लिही. आणि रॅमचे दात उजेडात धरून एक फोटो टाक, डाग आहेत का मीही बघतो.