सतत गाणी ऐकल्याने मनावर वाईट परिणाम होतो का?

गाण्यांनी डोकं बिघडत नाही. पण दिवसभर इयरफोन कानातच असेल, तर फटका बसतो आणि तो आधी अभ्यासाला. लातुरात नीटची तयारी करणाऱ्या पोरांच्या खोलीत डोकावून बघा: पुस्तक उघडं, कानात गाणं, अन् तोच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचणं चालू. गाण्यातले शब्द आणि पुस्तकातले शब्द एकमेकांच्या आड येतात, वाचलेलं टिकत नाही. नुसतं वाद्यसंगीत असेल तर त्रास कमी.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या सवयीची. मन उदास असताना दर्दभरी गाणी लावून तेच ते उगाळत बसायचं. एखाद्याला रडून मोकळं वाटतं, ठीक आहे; पण उगाळण्याचा स्वभाव असलेला माणूस त्यात आणखी रुततो. झोपताना ऐकलेली चाल कधी कधी रात्रभर डोक्यात फिरते, ते वेगळंच.

लातूर-नांदेड एसटीत एकदा इयरफोन खिशात ठेवून बसा. कंटाळा येणारच. पण जीव कासावीस होत असेल, नको ते विचार अंगावर येत असतील, तर अडचण गाण्यांची नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो.