केपचं जुनं रिव्हॉल्व्हर घरात ठेवता येतं का?

प्रश्न : मी साताऱ्यातला निवृत्त शिक्षक. जुनी कुलुपं, अडकित्ते जमवण्याचा नाद आहे. चार महिन्यांपूर्वी जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाकडून खिशात मावेल एवढं रिव्हॉल्व्हर ६० हजार रोख देऊन घेतलं. पावती नाही. पाच बारांचं, केपवर (घोडा आदळला की ठिणगी देणारी धातूची छोटी टोपी) चालणारं. नळीवर कर्नल कोल्ट, लंडन असा ठसा आणि सिलिंडरवर घोडागाडी लुटण्याचं कोरीव चित्र आहे. ‘शंभर वर्षांपुढच्या हत्याराला लायसन लागत नाही,’ असं विकणारा म्हणाला. अमेरिकेतला मुलगा तिथल्या लिलावातून असंच दुसरं घेऊन दिवाळीला येणार आहे. इकडे सौ.ची झोप उडाली आहे. काय करावं?

उत्तर : सर, सौ. बरोबर आहेत आणि विकणारा अर्धवट.

वस्तू खरी असेल तर वयाचा वाद नाही. कोल्ट या अमेरिकी बंदूक बनवणाऱ्याचा लंडनमधला कारखाना १८५३ ला सुरू झाला आणि जेमतेम चार वर्षांत बंद पडला. म्हणजे हे बहुधा सत्तावन्नच्या बंडाआधीचं. पण शस्त्र अधिनियम १९५९ नुसतं वय बघत नाही. कलम ४५(क) जुन्या घडणीच्या, पुराणवस्तूचं मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला कायद्यातून वगळतं, पण एका अटीवर : दुरुस्त करूनही त्यातून गोळी सुटता कामा नये.

तुमची अडचण इथेच आहे. घोडा मागे ओढल्यावर सिलिंडर फिरतं का? नळी आतून साफ आहे का? सिलिंडरच्या मागच्या बाजूला केप बसवायची पाच निपलं असतात, ती गंजली असली तरी नवी बसवता येतात. संग्राहक ज्या गोष्टींसाठी जास्त पैसे मोजतो, त्याच गोष्टी न्यायालयात तुमच्या विरोधात जातात. ‘साहेब, ही तर तोंडाकडून दारू भरायची जुनी पद्धत’ हा युक्तिवादही चालत नाही. तसा चालला असता तर कोकणात ठासणीच्या बंदुका पकडल्याच गेल्या नसत्या.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये शस्त्र नियम २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. ‘क्युरिओ’ (संग्रहाची दुर्मिळ जुनी वस्तू) वर्गात मोडणारी छोटी शस्त्रं घ्यायला आणि बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. वापरायला, सोबत न्यायला किंवा एका जागेहून दुसरीकडे हलवायला मात्र लागतो. विकणाऱ्याने हेच अर्धं कुठेतरी ऐकलं असावं. आता तुमची वस्तू त्या वर्गात बसते की नाही, हे त्याने, तुम्ही किंवा मी ठरवून भागत नाही. तसा कागद हातात हवा. तो नसेल तर परवान्याविना बंदूक बाळगण्याचं कलम २५(१-ब) उभं राहतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं, वर दंड. विशेष कारणं नोंदवून न्यायालय ती कमी करू शकतं, पण त्या भरवशावर राहू नका. बाळगणं म्हणजे जाणीवपूर्वक बाळगणं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात म्हटलं आहे. तो बचाव माळ्यावर काय पडलंय हे ठाऊक नसलेल्याला मिळतो. तुम्ही तर मला कोरीव चित्रासकट वर्णन लिहून पाठवलंत! शिवाय कलम ३५ प्रमाणे घरात हत्यार आहे हे माहीत असलेली माणसंही अडकू शकतात. सौ.ची काळजी उगाच नाही.

ते विकणाऱ्याला परत द्यायला जाऊ नका. पिशवीत घालून एसटीत बसलात की नेण्याचा वेगळा गुन्हा. वेल्डिंग करून नळी बुजवू नका. वस्तूची किंमत जाईल आणि पुरावा बिघडवल्याचा संशय येईल तो निराळा. केप किंवा बंदुकीची काळी दारू घरात असेल तर मला आजच कळवा. आणि कृपा करून ‘आजोबांच्या ट्रंकेत सापडलं’ असं लिहू नका. हा मोह बहुतेकांना होतो. उद्या विकणारा पकडला गेला आणि त्याने तुमचं नाव सांगितलं, तर खोटं प्रतिज्ञापत्र मूळ गुन्ह्यापेक्षा जड जाईल.

करायचं ते असं. घरीच सगळ्या बाजूंनी फोटो काढा, ठसे आणि क्रमांक लिहून ठेवा, वस्तू कुलपात ठेवा. मग वकिलामार्फत जिल्हादंडाधिकाऱ्यांना अर्ज करा आणि पोलीस अधीक्षकांना प्रत द्या. अर्जात खरेदी कशी झाली ते खरं लिहा, वस्तू क्युरिओ आहे की कलम ४५(क) मध्ये बसते हे तज्ज्ञांकडून तपासून लेखी कळवावं अशी मागणी करा, आणि पोलिसांनी घरी येऊन पंचनामा करून ती ताब्यात घ्यावी अशी विनंती करा. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका. यात जोखीम अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. कलम २१ खाली हत्यार जमा करण्याचा मार्ग वारशाने आलेल्या वस्तूला जितका सरळ लागू पडतो, तितका विना-पावती खरेदीला नाही. पण कलम ३९ प्रमाणे परवान्याविना बाळगल्याचा खटला जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय चालू शकत नाही. स्वतःहून अर्ज घेऊन आलेला शिक्षक आणि छाप्यात सापडलेला माणूस यांत ते फरक करतील, एवढी आशा धरायला जागा आहे.

मुलाला मात्र आज रात्रीच फोन करा. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनवलेली बंदूक ‘फायरआर्म’ धरली जात नाही, म्हणून त्याला ते खेळण्याइतकं सोपं वाटत असेल. ती सवलत मुंबईच्या विमानतळावर उपयोगाची नाही. इथे आयातीची परवानगी आणि सीमाशुल्क खात्याची मान्यता आधी कागदावर हवी; ‘अँटिक आहे हो’ असं काउंटरवर सांगून बॅग सुटत नाही. बोली लावली नसेल तर लावू नको म्हणावं. लागलीच असेल, तर वस्तू तिकडेच त्याच्या कपाटात राहू दे.